गहू वर्षानुवर्षं टिकतो, मग पीठ का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दीड-दोन वर्षं पुरेल एवढा गहू, तांदूळ, मैदा, गव्हाचं पीठ, ओट्स, साखर, यीस्ट आणि बेकिंग पावडर साठवायची आहे. त्यासाठी घट्ट झाकणाचे मोठे प्लॅस्टिकचे डबे आणले आहेत. मात्र मागच्या खेपेला असल्याच डब्यांत चार महिन्यांच्या आत मैद्यात किडे झाले आणि गव्हाचं पीठ कडवट लागायला लागलं. बंद डब्यात किडे आले कुठून, आणि आता ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या टाकल्या तर सगळं दोन वर्षं टिकेल का?

मी एका बेकरीचं कोठार सांभाळतो, घरीही साठा करतो, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे येतच असतो. सरळ उत्तर द्यायचं तर पुड्यांनी तुमचे किडे जातील, पिठाचा कडवटपणा जाणार नाही. या दोन तक्रारी एकाच डब्यातून निघाल्या म्हणून एकच वाटतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

साठवलेलं धान्य बिघडतं ते मुख्यतः तीन वाटांनी. एक, किडे. दोन, ओल आणि तिच्यामागून येणारी बुरशी. तीन, दाण्यातलं तेल खवट होणं. यीस्ट आणि बेकिंग पावडर यांचं दुखणं चौथंच, त्यांच्याकडे शेवटी येतो. डबा कुठला घ्यावा हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की आत काय ठेवणार आहात आणि ते या तीनपैकी कशाने बिघडतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही आधीच सांगतो. घर वर्षभर गार आणि कोरडं असेल तर निम्मं काम आपोआप होतं. फ्रीझरमध्ये जागा असेल तर किड्यांसाठी पुड्या लागतीलच असं नाही. घरी दळायची सोय असेल तर साठ्याची यादीच बदलते. आणि विकत घेतलेलं धान्य मुळात किती कोरडं होतं हे इथे बसून मला कळणार नाही, ते तुम्हालाच तपासावं लागेल.

आधी किडे. ते बाहेरून डब्यात शिरले असतील असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक वेळा ते मालाबरोबरच आत गेलेले असतात. तांदूळ-गव्हातला सोंड्या घ्या. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. ते बूच दाण्याच्या रंगात इतकं मिसळून जातं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोषात जाते आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. तेव्हा कुठे आपल्याला ते ओबडधोबड कडेचं गोल भोक दिसतं. उबदार हवेत हे सगळं महिना-दीड महिन्यात उरकतं. म्हणजे तुम्ही निवडून, पाखडून, अगदी स्वच्छ करून भरलेल्या गव्हातही पुढची पिढी बसलेली असू शकते.

मैद्यातले तांबूस चपटे किडे वेगळे. त्यांना अख्खा दाणा फोडणं जमत नाही, म्हणून ते पीठ, रवा आणि फुटक्या दाण्यांवर जगतात. त्यांची अंडी चिकट असतात, पिठाचे कण त्यांना लगेच चिकटतात आणि मग अंडं आणि पीठ वेगळं ओळखता येत नाही. घरच्या चाळणीतून ती सहज खाली जातात. त्यामुळे ‘चाळून भरलं होतं’ याचा अर्थ चालते-फिरते किडे काढले होते, एवढाच.

मग बंद डब्यात ते गुदमरून का मेले नाहीत? कारण घरातले ‘हवाबंद’ डबे तेवढे हवाबंद नसतात, आणि आत अडकलेल्या हवेवरही किडे बरेच दिवस काढतात. ऑक्सिजन साधारण १ टक्क्याच्या खाली जाऊन दोन-तीन आठवडे तिथेच राहिला तरच अंड्यापासून किड्यापर्यंत सगळे मरतील असं धरता येतं. झाकण दाबून बसवल्याने हे होत नाही.

किडे मारायचे घरगुती आणि खात्रीचे रस्ते दोन. पहिला फ्रीझरचा. उणे १८ अंश सेल्सियसला ठेवलेल्या धान्यातली अंडीसुद्धा मरतात. चार दिवस पुरेत असं सांगितलं जातं, मी आठवडाभर ठेवतो. कारण धान्याच्या ढिगातून गारवा फार हळू आत सरकतो. मोठ्या पिशवीचा मध्य गोठेपर्यंतच दिवस-दोन दिवस जातात आणि चार दिवसांची मोजणी तिथून सुरू व्हायला हवी. म्हणून पिशव्या दोन ते पाच किलोंच्या करा, एकीवर एक गच्च रचू नका.

यात खरी काळजी घ्यायची ती पिशवी बाहेर काढल्यावर. गार पिशवीवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. पिशवी बंद असेल तर ते पाणी बाहेरच राहतं. घाईने उघडलीत तर तेच पाणी धान्यावर बसतं आणि किडे घालवण्याच्या नादात तुम्ही बुरशीला आमंत्रण देता. एक पूर्ण दिवस पिशवी तशीच बंद राहू द्या. घरातल्या तापमानाला आली की मगच डब्यात भरा.

उन्हाचं विचाराल तर ऊन दिल्याने ओल कमी होते, मोठे किडे पळतात. दाण्याच्या आतली अळी मरेलच असं नाही, त्यासाठी सगळा दाणा ५५-६० अंशांपर्यंत तापायला हवा. शिवाय ऊन देऊन गरम असलेलं धान्य लगेच डब्यात भरलं तर रात्री झाकणाच्या आतून घाम सुटतो. पूर्ण निवल्याशिवाय भरू नका.

दुसरा रस्ता तुम्ही विचारलेल्या पुड्यांचा. यांत लोखंडाची बारीक भुकटी असते. ती गंजते आणि गंजताना आतला ऑक्सिजन ओढून घेते. किती मोठी पुडी लागेल हे अंदाजाने ठरवू नका, हिशेब सोपा आहे. २० लिटरच्या डब्यात गहू भरला तर तो साधारण १५ किलो मावतो आणि दाण्यांच्या मधल्या फटींत ८ लिटरच्या आसपास हवा राहते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सुमारे १७०० सीसी (एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर). म्हणून एवढ्या डब्याला २००० सीसी क्षमतेची पुडी किंवा तेवढ्या भरतील अशा लहान पुड्या. पीठ वरून गच्च दिसतं पण त्यात हवा जास्त असते, २० लिटरमध्ये १२ लिटरच्या घरात. तिथे २५०० सीसीच्या पुढे जावं लागतं. आणि पिठातून हवा हळू फिरते, म्हणून पुड्या तळाशी, मध्ये आणि वर अशा वाटून ठेवाव्यात.

पुडीचं पाकीट फोडलं की ती काम सुरू करते. सगळ्या पिशव्या आधी भरून, रांगेत लावून तयार ठेवा, मग पाकीट फोडा आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या बंद करा. उरलेल्या पुड्या लगेच फिरकीच्या झाकणाच्या लहानशा बरणीत ठेवा.

आता तुमच्या डब्यांकडे येतो, कारण पुडीचा उपयोग पात्रावर अवलंबून आहे. असे डबे सहसा ज्या प्लॅस्टिकचे असतात, त्यातून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. पुडी तिची क्षमता संपेपर्यंत झुंजते आणि मग हरते. म्हणून पुडी टाकायची तर धान्य ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशवीत भरायचं आणि ती पिशवी डब्यात ठेवायची. पिशवी हवा, ओल आणि उजेड अडवते, डबा उंदरांपासून आणि भोकं पडण्यापासून वाचवतो. म्हणजे तुमचे डबे वाया गेलेले नाहीत. काचेची, रबरी रिंगच्या झाकणाची बरणीही पुडीसाठी उत्तम, फक्त ती अंधारात ठेवा. आणि काचेच्या बरणीत पीठ भरून, ओव्हनमध्ये तापवून झाकण लावायचा जो प्रकार पाहायला मिळतो तो करू नका. कोरड्या उष्णतेत बरणी तडकू शकते, पिठाच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही आणि निघालेली वाफ झाकणाखाली अडकते.

अशी पिशवी बंद करायला कपड्यांची इस्त्री किंवा केस सरळ करायचं यंत्र चालतं. जिथे जोड बसणार ती पट्टी आधी कोरड्या फडक्याने आतून पुसून घ्या. पिठाचा एखादा बारीक थर तिथे राहिला तर जोड वरून एकसंध दिसतो आणि आतून केसाएवढी वाट उरते. मी बोटभर अंतर सोडून दोन जोड मारतो. दुसऱ्या दिवशी पिशवी दगडासारखी आवळली नाही म्हणून घाबरू नका. पुडी फक्त ऑक्सिजन खाते, नायट्रोजन तसाच राहतो. वरच्या हिशेबात २० लिटरमधून जेमतेम पावणेदोन लिटर वायू कमी होतो. पिशवी किंचित सैल पडलेली, पत्रा दाण्यांवर टेकलेला, एवढं दिसलं तरी पुरे. जोड तपासायचा तर पिशवी दाबून जोडाजवळ गाल किंवा ओठ न्या, फुंकर जाणवते.

ओलीबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. धान्यातली ओल १३ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीचा धोका सुरू होतो. पुडी टाकून वर्षानुवर्षं बंद करायचं असेल तर ती १० टक्के किंवा कमी असावी असा सर्वसाधारण संकेत आहे, कारण ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी ओल मिळाली तर बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. १० टक्के ओलीच्या गव्हात ते वाढत नाहीत. पण तापमान वर-खाली होऊन आत एखाद्या कोपऱ्यात पाणी जमलं तरी धोका राहू नये म्हणून हा राखीव अंतराचा आकडा.

घरी तपासायचं कसं? कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश धान्य घ्या, त्यात चमचाभर सुकं मीठ टाका, मिनिटभर हलवा आणि थोडं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य साठवायचंच नाही. नाही चिकटलं तर ते १५ च्या खाली आहे एवढंच कळलं, १० ला पोचलं असं नव्हे. यापेक्षा बरा उपाय म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं लहान यंत्र धान्याने भरलेल्या बंद बरणीत दोन दिवस ठेवायचं. आकडा ६५ च्या वर असेल तर बुरशीला वाव आहे. ५० च्या खाली असेल तर निर्धास्तपणे बंद करा. बुरशी लागलेलं, कुबट वास येणारं धान्य धुऊन-भाजून वापरायचा मोह टाळा. काही बुरशींची विषं, उदाहरणार्थ अफ्लाटॉक्सिन, साध्या शिजवण्याने पूर्णपणे जात नाहीत.

आता कडवट पिठाकडे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला हाच मुख्य मुद्दा आहे.

गव्हाच्या दाण्यात बाहेर कोंडा, एका टोकाला अंकुर आणि उरलेला बहुतेक भाग पांढरा गर. अंकुर वजनाने दाण्याच्या जेमतेम अडीच-तीन टक्के, पण तेल त्यात भरपूर. तेल फोडणारं विकर, लायपेज, मुख्यतः कोंड्याच्या थरात. अख्ख्या दाण्यात ही दोघं आपापल्या जागी असतात, मधल्या भिंती शाबूत असतात. दळलं की भिंती मोडतात, तेल आणि विकर एकत्र येतात आणि तेलाचं तुटणं त्याच दिवशी सुरू होतं. त्यातून सुटी मेदाम्लं तयार होतात. पुढे त्यांच्यावर ऑक्सिजनचा परिणाम झाला की तो ओळखीचा कडू, जुन्या तेलासारखा वास येतो. काही परिणाम तर पीठ भिजवल्यावरच होतो, म्हणून कोरड्या पिठाचा वास ठीक वाटतो आणि भाजलेला पाव कडू लागतो, नीट फुगतही नाही.

लायपेजला ऑक्सिजन लागत नाही. पिठात असते तेवढी थोडीशी ओल त्याला पुरते. पुडी टाकल्यावर दुसरी पायरी मंदावते, पहिली चालूच राहते. पिशवी उघडली की साचलेल्या मेदाम्लांना हवा मिळते आणि उरलेलं काम भराभर होतं. त्यामुळे पूर्ण गव्हाचं पीठ कितीही भारी पिशवीत, कितीही पुड्या टाकून बंद केलं तरी ते वर्षानुवर्षांचं होत नाही. त्याला थांबवतो तो फक्त गारवा. घरच्या तापमानाला एक ते तीन महिने, उबदार घरात एकच धरा. फ्रीझरमध्ये सहा महिने ते वर्षभर.

मैद्यात कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो, म्हणून तो या भानगडीतून बराचसा सुटतो. नीट बंद डब्यात, गार जागी वर्षभर चांगला राहतो. जाड पिशवीत पुडी टाकून ठेवलात तर आणखी काही वर्षं जाईल, पण त्याच्या पावाची ताकद हळूहळू उतरते आणि आजूबाजूचे वास तो चटकन धरतो. साबणाशेजारी ठेवलेला मैदा मी टाकून दिलेला आहे. बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं पीठ मात्र साठवूच नका, त्यातल्या पावडरचा जोर पिठाच्या आधी संपतो.

ओट्स हे इथलं गमतीचं उदाहरण. त्यात गव्हाच्या तिप्पट-चौपट तेल असतं आणि लायपेजही जोरदार. हिशेबाने ते सर्वांत आधी कडू व्हायला हवेत. तसं होत नाही, कारण गिरणीतच त्यांना वाफ देऊन ते विकर निकामी केलेलं असतं, मग चपटं केलं जातं. उरतो तो फक्त हवेमुळे येणारा खवटपणा आणि तो पुडीने थांबतो. म्हणून चपट्या ओट्सना पुडी टाकणं पैसे वसूल करणारं काम आहे. गव्हाच्या पिठाला कडवटपणासाठी टाकणं बऱ्याच अंशी मनाचं समाधान.

तांदळाचंही तसंच. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तेल जवळजवळ उरत नाही. कोरडा, किडे नसलेला, पुडी टाकून बंद केलेला पांढरा तांदूळ गार जागी तीसेक वर्षं खाण्याजोगा राहतो, अख्खा गहूही तसाच. ब्राऊन राइसवर तेलकट कोंडा असतो आणि भरडताना तो थोडा खरचटतो, म्हणून तो सहा महिन्यांचा सोबती. जास्त हवा असेल तर फ्रीझरमध्ये. कडधान्यं बिघडत नाहीत, पण वर्षं जातील तशी शिजायला हट्टी होतात. भिजवताना चिमूटभर सोडा टाकला तर थोडी नमतात, फार जुनी असतील तर दळून वापरावीत.

इथवरचं एकत्र करून तुमच्या यादीला लावतो. पीठ साठवू नका, गहू साठवा आणि महिन्या-दीड महिन्याचं दळत जा. दळायची सोय नसेल तर गव्हाचं पीठ लागेल तसं थोडंथोडं आणा, किंवा फ्रीझरमध्ये मावेल तेवढंच आणा. मैदा एका वर्षाच्या वापराएवढाच घ्या. दोन वर्षांचा मैदा कशाला हवा आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या दोन वर्षांच्या मुदतीसाठी गव्हाला आणि पांढऱ्या तांदळाला पुडी लागतच नाही. कोरडं धान्य, आठवडाभर फ्रीझर, मग तुमचे तेच घट्ट डबे, एवढं पुरतं. पुडी आणि जाड पिशवी पाच-दहा वर्षांच्या पुढचा विचार असेल, घर फार दमट असेल किंवा फ्रीझर नसेल तर.

पॅक काहीही करा, जागा गार हवी. बियाण्यांच्या साठवणुकीत या विषयाचे अभ्यासक जेम्स हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा वापरतात: तापमान ५ अंशांनी उतरलं की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, ओल १ टक्क्याने उतरली तरी तसंच. तो उगवणशक्तीसाठी आहे, स्वयंपाकासाठी नाही, तरी दिशा तीच. ३० अंशांच्या माळ्यावरचा आणि २० अंशांच्या खोलीतला गहू यांत त्या हिशेबाने चौपट फरक पडतो. फ्रिजच्या डोक्यावर, शेगडीच्या वरच्या फळीवर, ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकून डबे ठेवू नका. फरशीवर थेट न ठेवता खाली लाकडी फळ्या घाला. एका मोठ्या डब्यापेक्षा तीन ते पाच किलोंच्या पिशव्या चांगल्या, उघडलेली पिशवी लवकर संपते आणि बाकीच्यांना हात लागत नाही. प्रत्येकीवर भरल्याची तारीख लिहा.

आता बेकिंगचं सामान. साखर, मीठ, खायचा सोडा यांत पुडी टाकायची नाही. त्यांना ऑक्सिजनने काही होत नाही, त्यांचा शत्रू ओल. पुडी टाकलेली साखर विटेसारखी घट्ट होते. घट्ट झाकणाची बरणी एवढंच यांना हवं, मग साखर आणि मीठ कितीही वर्षं राहतात. ब्राऊन शुगरचं उलटं, तिच्यातली काकवीची ओल उडाली की ती दगड होते. तिला ओल टिकवणारं झाकण हवं, आणि ओलसर असल्यामुळे तिच्यातही पुडी नको.

बेकिंग पावडर ही मुळात सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र ठेवलेली जोडी. मध्ये ओल शोषायला स्टार्च घातलेला असतो. ओल शिरली की दोघं डब्यातच आपसात उरकून घेतात. उघडलेला डबा सहा महिने ते वर्षभर धरा. शंका आली तर अर्धा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. फसफसून वर आली तर ठीक, नुसते चार बुडबुडे आले तर टाकून द्या. दोन वर्षांचा साठा हवा असेल तर पावडर साठवूच नका. सोडा आणि क्रीम ऑफ टार्टर (भुकटीच्या रूपातलं कोरडं आम्ल) वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा, एकेकटे ते वर्षानुवर्षं राहतात. पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर ऐन वेळी मिसळलं की एक चमचा बेकिंग पावडरचं काम होतं. फक्त मिश्रण भिजल्यावर लगेच भट्टीत घाला. बाजारातली पावडर बहुतेक वेळा ओलाव्याने एकदा आणि उष्णतेने पुन्हा फुलते, ही एकदाच फुलते.

यीस्ट जिवंत असतं, त्यामुळे त्याला मुदत असणारच. कारखान्यातून हवा काढून बंद केलेलं सुकं यीस्ट न उघडता साधारण दोन वर्षं जातं, फ्रीझरमध्ये त्याहून जास्त. उघडलं की फ्रिजमध्ये चार महिने, फ्रीझरमध्ये सहा महिने धरून चाला. लहान पाकिटं घ्या. वापरण्याआधी अर्धा कप कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, एक चमचा साखर आणि सव्वादोन चमचे यीस्ट टाका. दहा मिनिटांत फेस कपाच्या काठापर्यंत आला तर जोर आहे. अर्धवट आला तर यीस्ट वाढवून काम भागतं, पण ते पुढे ठेवू नका.

शेवटी सध्या घरात जे किडे आहेत त्यांचं. मैदा टाकून द्या. हे तांबूस किडे पिठात एक उग्र द्रव सोडतात, पीठ गुलाबीसर पडतं आणि तो वास भाजल्यावरही राहतो. गव्हात थोडे सोंडे असतील तर फ्रीझर करा, पाखडा, पाण्यात टाकून वर तरंगणारे पोकळ दाणे काढा, उरलेला गहू नीट वाळवून महिन्याभरात संपवा. तो साठ्यात परत घालू नका. कपाट रिकामं करून फळ्यांच्या खाचा, स्क्रूची भोकं, झाकणांच्या आट्या व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. चमचाभर सांडलेल्या पिठात एक आख्खी वसाहत जगते. डबे धुतले तर दोन दिवस उघडे वाळवा, रबरी रिंग काढून तिच्या खालची खाच पुसा. नवीन आणलेला माल आठवडाभर फ्रीझरमध्ये जाईपर्यंत जुन्याशेजारी ठेवू नका.

आणि कोणी धान्यात टाकायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवल्या तर त्या घरातही आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसांचा जीव घेतो. मोठ्या गोदामांत प्रशिक्षित लोक गॅस मोजायची यंत्रं घेऊन ते काम करतात.